शहर होत चाललेल्या गावाचे अन्नधोरण: पंचायतीच्या हातात काय आहे?

आपण लिहिले आहे की गोव्यातील पर्वरीला लागून असलेल्या आपल्या पंचायतीत दरवर्षी नव्या वसाहती उभ्या राहत आहेत, भाजी जवळजवळ सगळी बेळगावहून येते, खाडीकाठची शेते एकामागून एक पडीक पडत आहेत, आणि म्हणून आपण पंच या नात्याने ग्रामसभेत शाश्वत अन्नधोरणाचा ठराव मांडणार आहात. ठरावात गच्चीवरील बागांना अनुदान, महिन्यातून एकदा सेंद्रिय बाजार आणि बाहेरून येणाऱ्या भाजीवर मर्यादा अशी तीन कलमे आहेत. ती योग्य आहेत का आणि सुरुवात कोठून करावी, हा आपला प्रश्न.

कृषी विस्ताराच्या कामात आणि पुढे पंचायतींचे आराखडे तयार करण्यात माझी उमेदीची वर्षे गेली, त्या अनुभवावरून उत्तर देतो. ठराव जरूर मांडा, पण ही तीन कलमे तूर्त बाजूला ठेवा. गावाने आणखी काय करावे हे त्यांत आहे, पण जे हातचे जात आहे त्याचा उल्लेख नाही. मी आपला प्रश्न असा वाचतो: शहर अंगावर येत असताना आज जी ओली शेते, जे पाण्याचे मार्ग आणि जे विकणारे उरले आहेत, ते आणखी दहा वर्षे टिकावेत यासाठी पंचायत तिच्याच अधिकारात काय करू शकते? या प्रश्नाला उत्तर आहे, आणि ते बरेचसे व्यवहारातले आहे.

बाहेरच्या भाजीचा मुद्दा आधी संपवतो. राज्याबाहेरून येणारा माल अडवण्याचा अधिकार पंचायतीला नाही, आणि असता तरी तो वापरू नये असेच मी सांगितले असते. गोव्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. कांदा, बटाटा, कोबी, फ्लॉवर, टोमॅटो यांचा बाराही महिने पुरवठा करणे येथील जमिनीला आणि हवेला झेपणारे नाही. फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यांवर सवलतीच्या दरात मिळणारी भाजी हा बांधकामावरचे मजूर, रखवालदार, घरकाम करणाऱ्या बायका यांच्या संसाराचा आधार आहे, आणि वाढत्या शहरात त्यांचीच संख्या वाढत असते. त्यांचा भाजीचा खर्च वाढवणाऱ्या धोरणाला शाश्वत म्हणता येणार नाही. दुसऱ्या बाजूने, केवळ घाटावर विसंबून राहणे किती नाजूक आहे ते मार्च २०२० मधील टाळेबंदीत सर्वांनी पाहिले. सीमेवर गाड्या अडल्या, पहिले काही दिवस किराणा दुकानेही बंद होती, आणि ज्या वाड्यांवर वायंगणातले, म्हणजे भातानंतरच्या हिवाळी हंगामातले, मळे चालू होते तेथे तांबडी भाजी (लाल माठ) आणि मुळा तरी मिळत होता. म्हणून मी भाजीची दोन भागांत विभागणी करतो. टिकाऊ आणि घाटावर चांगली येणारी भाजी येऊ द्यावी. जी तोडल्यानंतर काही तासांतच मलूल होते, किंवा जिची चव येथल्याच मातीत येते, ती गावाने राखावी: हिवाळ्यात तांबडी भाजी, मुळा, आळसांदे (चवळी), वांगी, पावसाळ्यात मोरडावरची, म्हणजे डोंगरउतारावरची, भेंडी, दोडकी, कारली, तवशी (काकडी). चतुर्थीला गणपतीवर टांगायच्या फळाभाज्यांचा, म्हणजे माटोळीचा बाजार हा पावसाळी भाजीचा हक्काचा हंगाम आहे, त्याला कोणत्याही अनुदानाची गरज पडलेली नाही.

गच्चीवरील बागांना माझा विरोध नाही. ज्याला हौस आहे तो करीलच. पंचायतीचा मर्यादित पैसा मात्र तेथे घालू नये, कारण त्यातून मिळणारे अन्न थोडे आणि छायाचित्रे फार असतात.

पुढे जाण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट करतो. मी जे सांगणार आहे त्यातले किती आपल्याला लागू पडेल हे आपल्या शेतांच्या जातीवर आणि मालकीवर अवलंबून आहे. खाडीच्या भरतीपासून बांधाने राखलेली खाजन शेती, त्याहून थोडी उंच आणि दोन पिके घेता येणारी खेर जमीन, आणि डोंगरउतारावरचे मोरड, या तिघांचे प्रश्न निराळे आहेत. तसेच शेत कोमुनिदादीचे (गावाच्या जुन्या सामाईक जमीनसंस्थेचे) आहे, कुळाचे आहे की भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, वारसांत अडकलेले आहे, यावर ते पडीक का पडले याचे उत्तर बदलते. म्हणून पहिले काम म्हणजे सर्व्हे नंबरवार एक साधा तक्ता: जमीन कोणत्या प्रकारची, जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर नाव कोणाचे, प्रत्यक्ष कसतो कोण, शेवटचे पीक कधी घेतले, आणि पाणी कोठून येते व कोठे जाते. हा तक्ता तलाठ्याच्या कार्यालयात बसून होत नाही. वाड्यावरच्या जुन्या शेतकऱ्यांना घेऊन शेतातून फिरावे लागते. उताऱ्यावरचे नाव आणि कसणारा वेगवेगळे निघाले तर तेथेच अडचण समजून घ्या, कारण कृषी कार्ड नसलेल्या माणसापर्यंत भाताचा आधारभूत दर, बियाणे किंवा यंत्राचे अनुदान सहसा पोहोचत नाही. अशा ठिकाणी मालक आणि कसणारा यांच्यात हंगामापुरता लेखी करार घडवून आणण्यात पंचायत मध्यस्थ होऊ शकते. कुळकायद्याच्या धास्तीने भाटकार शेत कोणाला देत नाहीत आणि ते पडीक ठेवणे पसंत करतात, ही गोष्ट उघडपणे कोणी बोलत नसले तरी सर्वांना ठाऊक आहे.

आता खाजनाकडे येतो, कारण आपल्या गावात खाडीकाठ आहे आणि माझ्या मते आपल्या धोरणाचा गाभा तेथेच आहे. खाजनाची रचना बाहेरून साधी दिसते: चिकणमाती आणि दगडांचा बांध, त्यात बसवलेली मानस, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडणारे दार, आणि आत पाणी खेळवणारी पोंय. मानशीच्या लाकडी फळ्या भरतीच्या दाबाने आपोआप मिटतात आणि ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडतात. जूनच्या पावसाने जमिनीतला खारटपणा धुतला जातो आणि मग कोरगुटसारखे क्षार सोसणारे भात लावता येते. जुने गोवे येथील केंद्रीय कृषी संशोधन संस्थेने गोवा धान या नावाने क्षारसहनशील वाणही दिले आहेत, त्यामुळे बियाण्याची अडचण मी मोठी मानत नाही. अडचण मानशीच्या चावीची आहे.

मानशीजवळ पोंयीत मासळी आणि सुंगटे (कोळंबी) भरपूर मिळतात, म्हणून तेथील मासेमारीचा हक्क दरवर्षी लिलावात दिला जातो आणि त्या पैशातून बांधाची डागडुजी व्हावी अशी मूळ कल्पना आहे. लिलाव घेणाऱ्याचे हित मात्र खारे पाणी जास्त वेळ आत ठेवण्यात असते. तो रात्री फळ्या अडकवून ठेवतो, पाणी चढते, भाताच्या मुळाशी खार बसतो, बांधाची आतली बाजू ढासळू लागते. एका हंगामात नुकसान झाले की दोन शेतकरी लावणी सोडतात, उरलेल्यांना एकट्याने बांध राखणे परवडत नाही, आणि बांध फुटतो. त्यानंतर जे होते ते परतवता येत नाही: आत शिरलेल्या खाऱ्या पाण्यात तिवरे रुजतात, तिवरांचे क्षेत्र किनारा नियमन अधिसूचनेखाली संरक्षित ठरते, आणि शेत पुन्हा शेत करण्याची वाट कायद्यानेच बंद होते. शेतकऱ्याला अशा जमिनीचा उपयोग उरत नाही. मग तो ती मिळेल त्या भावाने विकायला तयार होतो, आणि आपल्याला रस्त्यावरून दिसते ती फक्त शेवटची पायरी, म्हणजे मातीचे टिप्पर.

यात पंचायत काय करू शकते? खाजनाची देखभाल तेथील कुळांच्या संघाकडे (कूळ संघाकडे) किंवा कोमुनिदादीकडे असते, पंचायतीकडे नाही. पण लिलावाच्या अटी काय असाव्यात याविषयी ग्रामसभेचा ठराव, कूळ संघाची बैठक आणि मामलेदारांपुढे केलेला अर्ज यांना वजन असते. मी नेहमी तीन अटी सुचवत आलो आहे. पेरणीपासून कापणीपर्यंत फळ्या चालवण्याचा अधिकार लिलावदाराकडे नसून संघाने नेमलेल्या माणसाकडे असावा. आतल्या बाजूला दगडावर पाण्याच्या कमाल पातळीची खूण रंगवलेली असावी, म्हणजे वाद शब्दांवर न राहता खुणेवर येतो. आणि लिलावाच्या रकमेतला ठरलेला हिस्सा बांधासाठी वेगळ्या खात्यात जावा, ज्याचा हिशेब वर्षातून एकदा फलकावर लागावा. तिसऱ्या अटीला सर्वांत जास्त विरोध होतो, हे आधीच सांगून ठेवतो.

खेर जमिनीचा प्रश्न वेगळा आहे. तेथे सरदाचे, म्हणजे पावसाळी, भात काढल्यावर वायंगणात दुसरे पीक किंवा भाजीचा मळा निघायला हवा. तो निघत नाही, कारण नोव्हेंबरनंतर गुरे मोकळी सुटतात. पूर्वी कोंडवाड्याचा धाक होता आणि सगळे शेत एकदमच पिकाखाली असल्याने राखणही सामाईक होती. आता दहापैकी तीन शेतकऱ्यांनी मळा केला तर गावभरची गुरे त्या तीन मळ्यांवर येतात. पुढच्या वर्षी तेही थांबतात. सलग दोन-तीन वर्षे वायंगणात ओसाड दिसणाऱ्या शेताकडे जमिनीच्या दलालाचे लक्ष जाते, म्हणून मी या हंगामाला इतके महत्त्व देतो. कुंपणाला अनुदान मिळते, पण एकट्यादुकट्याने कुंपण घालण्यापेक्षा वीस शेतकऱ्यांचा सलग पट्टा एकत्र राखणे पुष्कळ स्वस्त पडते. पंचायतीने कोंडवाडा चालू करावा, राखणदाराचा पगार शेतकऱ्यांच्या गटाबरोबर वाटून घ्यावा, आणि वायंगणाचा पाट ऑक्टोबरमध्येच साफ करून द्यावा. एवढ्याने सगळे शेतकरी परत येणार नाहीत, मजुरीचा खर्च आणि घरातल्या तरुणांची नोकरीकडे असलेली ओढ ही कारणे राहतीलच, पण जे अजून शेतात आहेत ते तरी बाहेर पडणार नाहीत.

कायद्याच्या बाजूने आपण समजता तितके निःशस्त्र नाही. १९९१ च्या जमीनवापर नियमन कायद्यानुसार कूळकायद्याखाली कुळाला मिळालेली जमीन शेतीशिवाय अन्य कामाला वापरता येत नाही. २०२३ च्या कायद्याने भातशेतीची जमीन बिगरशेतकऱ्याला हस्तांतरित करण्यावर निर्बंध आणले. नगरनियोजन कायद्याच्या कलम १७अ प्रमाणे परवानगीशिवाय सखल जमिनीत भराव घालता येत नाही. याच कायद्यात २०२३ साली आलेल्या कलम १७(२) ने एकेका भूखंडाचा झोन बदलण्याची वाट उघडली होती. त्याखालील नियम मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने मार्च २०२५ मध्ये रद्द केले, पण २०२४ मध्ये आलेले कलम ३९अ ही निराळी वाट आहे. म्हणून आपल्या गावातील सर्व्हे नंबर राजपत्रातील सूचनांत येतात का हे कोणीतरी नियमित पाहायला हवे, कारण हरकतीची मुदत गेल्यावर केलेल्या आंदोलनाला उशीर झालेला असतो. मी हे काम जैवविविधता व्यवस्थापन समितीकडे सोपवायला सांगतो. २००२ च्या जैवविविधता कायद्याने ती प्रत्येक पंचायतीत असायलाच हवी, आणि बहुतेक ठिकाणी ती लोक जैवविविधता नोंदवही पूर्ण झाल्यापासून स्वस्थ बसलेली असते.

बांधकाम परवाना पंचायतच देते, हे आपले सर्वांत ठोस हत्यार. शेत बुजण्याच्या कितीतरी आधी त्याचे पाणी बुजते: वरच्या अंगाला एका वसाहतीचा रस्ता येतो, त्याखाली मोरी अरुंद घालतात किंवा घालतच नाहीत, आणि खालची शेते पावसाळ्यात तळे होऊन राहतात किंवा वायंगणात कोरडी पडतात. परवान्याच्या अर्जासोबत ओहोळ आणि पाट दाखवणारा नकाशा मागा आणि त्याची जागेवर पाहणी झाल्याशिवाय फाइल पुढे सरकू देऊ नका.

आता विक्रीकडे. सेंद्रिय बाजाराची आपली कल्पना चांगली आहे, पण महिन्यातून एकदा भरणाऱ्या बाजारासाठी कोणी मळा लावत नाही. तांबड्या भाजीच्या जुड्या रोज निघतात आणि रोजच विकल्या जायला हव्यात. आपल्या गावातही पहाटे टोपली घेऊन येणाऱ्या, वसाहतीच्या फाटकाजवळ किंवा तिठ्यावर बसणाऱ्या आणि दहा-साडेदहाला घरी परतणाऱ्या चार-पाच बायका असतीलच. आगशीची वांगी, ज्यांना २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ती पिढ्यानपिढ्या अशाच टोपल्यांतून बाजारात आली. या विक्रीला पक्के दुकान लागत नाही, किंबहुना पक्के गाळे बांधले की ते काही महिन्यांत व्यापाऱ्याकडे जातात आणि टोपलीवाली पुन्हा रस्त्यावर येते, असे मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिले आहे. तिला हवे ते एवढेच: सकाळी सहा ते अकरापर्यंत हक्काने बसण्याची सावलीची जागा, पाण्याचा नळ, जवळ शौचालय, आणि सोपो, म्हणजे बाजारात बसण्याचा कर, वसूल करणाऱ्याचा जाच नको. सोपोवसुलीचा ठेका देताना स्वतः पिकवलेला माल टोपलीतून विकणाऱ्यांना सोपो माफ राहील, अशी अट निविदेतच घाला. पंचायतीचे उत्पन्न यामुळे नाममात्र घटते. पिकवणारी कोण आणि महामंडळाचीच भाजी आणून विकणारी कोण, हा वाद होईल. त्यासाठी वर सांगितलेला सर्व्हे नंबरचा तक्ता उपयोगी पडतो.

एक खुलासा करायला हवा. २०१४ चा पथविक्रेता कायदा आणि त्यातली शहर विक्री समिती ही रचना मुख्यतः नगरपालिकांसाठी आहे, आणि त्या कायद्यात ‘नैसर्गिक बाजारा’ला, म्हणजे विकणारे आणि घेणारे परंपरेने जमत आलेल्या जागेला, मान्यता आहे. गोव्याची गोष्ट अशी की २०११ च्या जनगणनेप्रमाणे ६२ टक्के लोक शहरी आहेत, पण ७० शहरांपैकी केवळ १४ ठिकाणी नगरपालिका किंवा महापालिका आहे. उरलेली ५६ ही जनगणनेच्या दृष्टीने शहरे आणि कारभाराच्या दृष्टीने पंचायती. शहरासाठी केलेले कायदे आणि योजना तेथे अर्ध्यामुर्ध्याच लागू होतात आणि ग्रामीण योजनांतले निकषही धड बसत नाहीत. आपली पंचायत याच गटात मोडत असण्याची शक्यता मोठी आहे. त्यामुळे शेजारच्या दोन-तीन पंचायतींशी मिळून विक्रीची जागा आणि कोंडवाडा चालवणे श्रेयस्कर. घटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने आलेली जिल्हा नियोजन समिती हेच पंचायत आणि नगरपालिका यांचे आराखडे एकत्र पाहणारे घटनात्मक व्यासपीठ आहे. तेथे अन्नाचा विषय क्वचितच निघतो, पण काढता येतो.

पिकवणाऱ्याला जागेइतकाच ठरलेला गिऱ्हाईक लागतो. ब्राझीलने २००९ च्या कायद्याने शाळांतील जेवणासाठी केंद्राकडून येणाऱ्या पैशाचा किमान ३० टक्के भाग कुटुंबशेतीतून येणाऱ्या मालावर खर्च करणे बंधनकारक केले, आणि शहरांच्या अन्नधोरणांवर २०१५ मध्ये झालेल्या मिलान करारातही सार्वजनिक खरेदीवर भर आहे. आपल्याकडे मध्यान्ह आहार बहुतांशी महिला स्वयंसाहाय्य गट आणि महिला मंडळे शिजवतात, म्हणजे खरेदी करणारी आणि पिकवणारी बाई बऱ्याचदा एकाच वाड्यावरची असते. तरीही मी आपल्याला सगळा आहार स्थानिक करा असे सांगणार नाही, कारण ताटामागे मिळणारी रक्कम ठरलेली असते आणि बिले निघायला वेळ लागतो. तो भार गटाने उचलायचा आणि शेतकऱ्याने उधारी सोसायची असे झाले तर दोघेही पहिल्याच वर्षी माघार घेतील. डिसेंबर ते मार्च, आठवड्यातून एक दिवस, आळसांद्याची किंवा तांबडी भाजी गावातल्या मळ्यातून, आणि तिचे पैसे आठवड्याच्या आत देण्यापुरता छोटा फिरता निधी पंचायतीने किंवा पतसंस्थेने उभा केलेला, एवढ्यावर सुरुवात करावी. किती जुड्या लागणार हे सप्टेंबरमध्ये कळले तर मळ्याचे वाफे त्याप्रमाणे पडतात.

ओल्या कचऱ्याबद्दल थोडक्यात. वसाहती आणि हॉटेलांतून निघणाऱ्या ओल्या कचऱ्याचे खत शेतकऱ्यांना फुकट देण्याची सूचना कोणीतरी करीलच. शेतकरी ते एकदा नेतो, त्यात काच आणि प्लास्टिकचे तुकडे निघाले की पुन्हा नेत नाही, कारण चिखलात तो अनवाणी उतरतो. वर्गीकरण चांगले असलेल्या दोनच वसाहतींचे खत घ्या, बाकीच्यांना नंतर बघता येईल.

आपल्या ठरावाविषयी सांगायचे तर, सामान्य ग्रामसभा जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरमध्ये होतात. वायंगणाचे पाट, कोंडवाडा आणि शाळेची मागणी यांचा निर्णय ऑक्टोबरपर्यंत थांबला तर हंगाम हातातून जातो, म्हणून हा भाग जुलैच्या सभेत आणा. मानशीच्या लिलावाच्या अटी आणि सोपोची निविदा आपापल्या तारखांप्रमाणे वेगळ्या मांडा. सगळे एकाच मोठ्या ठरावात घातले तर ज्याचा एका कलमाला विरोध आहे तो सगळा ठराव पाडतो. आणि शीर्षकात ‘सेंद्रिय’ हा शब्द घालू नका. आपल्याकडचा पारंपरिक मळा बराचसा त्या पद्धतीनेच होतो, पण प्रमाणपत्राचा प्रश्न निघाला की चर्चा तेथेच अडकते आणि पाट साफ करण्याचा मुद्दा पुढच्या सभेवर जातो.